साठ वर्षं हरणारी टीम आणि विदर्भाचा तो एक हंगाम

आज एका साध्या प्रश्नाने सुरुवात करू. महाराष्ट्र हे राज्य एकच आहे, पण रणजी ट्रॉफीत त्याचे संघ किती?

तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मुंबईच्या चाळीसच्या वर रणजी ट्रॉफ्या आहेत, म्हणजे त्या घरात ट्रॉफी ठेवायला शोकेस कमी पडतं. महाराष्ट्राच्या दोन आहेत, त्याही १९३९-४० आणि १९४०-४१ च्या. आणि आमचा विदर्भ? २०१७ च्या डिसेंबरपर्यंत भोपळा. साठ वर्षं खेळून भोपळा.

मी नागपूरच्या बेसा भागात राहतो. इथून वर्धा रोडला लागलं की थोड्या वेळात जामठ्याचं स्टेडियम दिसतं. माझ्या पिढीला ते स्टेडियम कायम तिथे असल्यासारखंच वाटतं. पण ते कुठून आलं, आणि त्या स्टेडियमच्या मालकीची टीम इतकी वर्षं मार का खात होती, हे कुणी सांगत नाही. म्हणून आजचा भाग. विषय आहे २०१७-१८ चा रणजी हंगाम. पण तो समजायचा तर आधी थोडं मागे जावं लागेल. चांगलं शंभर वर्षं मागे.

नागपूरचा पोरगा, इंदूरचा कर्नल

३१ ऑक्टोबर १८९५ ला नागपुरात एक मुलगा जन्मला. कोट्टारी कनकय्या नायडू. जगाला तो सी. के. नायडू म्हणून माहीत आहे. शिक्षण इथेच, हिस्लॉपमध्ये. १९१६ मध्ये तो मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून खेळायला उतरला. सांगतात की त्याची पहिली धाव, खरं तर पहिल्या सहा धावा, षटकारानेच आल्या.

तेव्हा क्रिकेट कसं चालायचं, ते लक्षात घ्या. आयपीएल नाही, बोर्डाचं कॉन्ट्रॅक्ट नाही, मॅच फी नाही. चांगला खेळाडू असाल तर पोट कसं भरायचं? त्याचं उत्तर होतं संस्थानिक. राजाला क्रिकेटचा शौक असला की तो खेळाडूला आपल्या फौजेत हुद्दा द्यायचा, पगार द्यायचा आणि आपल्या टीमकडून खेळवायचा. कागदावर तुम्ही लष्करी अधिकारी, प्रत्यक्षात व्यावसायिक क्रिकेटपटू. १९२३ मध्ये तुकोजीराव होळकरांनी सीकेंना इंदूरला बोलावून घेतलं. सीके गेले, आणि पुढे त्यांच्या नावामागे कर्नल लागलं ते होळकरांच्याच फौजेतलं.

१९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एमसीसीच्या संघाला १५३ धावा ठोकल्या. ११६ मिनिटांत, ११ षटकार! १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कॅप्टन होते सीके. म्हणजे भारताचा पहिला कसोटी कर्णधार नागपूरचा. आमच्याकडे हे वाक्य कुणीही, कधीही, कुठेही ऐकवू शकतं. लग्नाच्या पंगतीतही.

पण पुढचा भाग पंगतीत कुणी सांगत नाही. सीकेंच्या उमेदीच्या वर्षांचा फायदा नागपूरला झाला नाही. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी ट्रॉफी जिंकली. पहिल्या वेळी कॅप्टन सीके होते आणि त्यांचं वय होतं ५०. नागपूरचा माणूस, ट्रॉफी इंदूरची.

हे फक्त नागपूरचंच दुखणं होतं असं नाही हं. पुण्याचं बघा. महाराष्ट्र संघाने ती दोन विजेतेपदं मिळवली तेव्हा कॅप्टन होते प्रा. दि. ब. देवधर. एसपी कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि ४८ व्या वर्षी रणजी जिंकायचे! त्याच १९३९-४० च्या हंगामात त्यांच्या संघातल्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. मग काय झालं? थोड्याच काळात हजारे बडोद्याच्या महाराजांच्या पदरी गेले. ज्यांना धुतलं त्यांच्याकडेच. बडोद्याने १९४२-४३ आणि १९४६-४७ ला रणजी जिंकली. महाराष्ट्राने त्यानंतर एकदाही नाही. फायनल गाठल्या, पण ट्रॉफी आली नाही.

संस्थानिकांच्या काळातल्या या क्रिकेटचा हिशोब सरळ होता. पैसा जिथे, खेळाडू तिथे. आणि खेळाडू जिथे, ट्रॉफी तिथे. आज आपण याला ‘टॅलेंट मायग्रेशन’ म्हणतो आणि लिंक्डइनवर पोस्ट टाकतो. गोष्ट जुनीच आहे.

नकाशावर नसलेलं राज्य

आता दुसरा प्रश्न. विदर्भ हे राज्य नाही, मग टीम वेगळी का?

इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. त्या नावाचा संघ सुरुवातीच्या काळात रणजीत खेळायचा. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश राज्य झालं, तरी राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. नागपूर एका दिवसात राजधानीचं उपराजधानी झालं, असं आमचे आजोबा लोक थोड्या कडवटपणे सांगतात. उपराजधानी हे नंतरचं, पण भावना तीच.

राज्यं बदलली, पण क्रिकेट संघटनांच्या हद्दी जुन्याच राहिल्या. म्हणूनच गुजरात राज्यात आजही गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा असे तीन संघ आहेत, आणि आपल्याकडेही तीन. विदर्भ १९५७-५८ च्या हंगामात रणजीत उतरला. त्याच्या आदल्याच हंगामात, १९५६-५७ ला, सीके नायडू वयाच्या एकसष्टीत शेवटचा रणजी सामना खेळले, उत्तर प्रदेशकडून. एका वर्षाने चुकामूक झाली म्हणायची.

विधानसभेत वेगळ्या विदर्भाची चर्चा कितीही होवो, ‘विदर्भ’ असं नाव लिहिलेला फलक देशभर एकाच ठिकाणी लागतो, क्रिकेटच्या स्कोअरबोर्डवर. त्यामुळे ही टीम हरली की ते फक्त क्रिकेटचं हरणं राहत नाही. तुम्ही वऱ्हाडी वा नागपुरी असाल तर कळेल मी काय म्हणतोय ते.

आणि टीम हरतच होती. १९७०-७१ आणि १९९५-९६ अशा एखाद-दुसऱ्या वेळी बाद फेरीपर्यंत धडक, बाकी गटातच गाशा गुंडाळायचा. २००२-०३ पासून बोर्डाने रणजीचे एलिट आणि प्लेट असे दोन वर्ग केले. विदर्भ बरीच वर्षं प्लेटमध्ये. प्लेट म्हणजे काय? शाळेतली ‘ब’ तुकडी समजा. सर तिथेही शिकवतात, पण मेरिट लिस्टची अपेक्षा कुणी ठेवत नाही.

गंमत अशी, की शहराला क्रिकेटची कमतरता कधीच नव्हती. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर १९६९ मध्ये पहिला कसोटी सामना झाला. भारत तो न्यूझीलंडशी हरला, पण झाला. १९८७ च्या विश्वचषकात याच मैदानावर चेतन शर्माने हॅटट्रिक घेतली, तिन्ही फलंदाज क्लीन बोल्ड. तारीख होती ३१ ऑक्टोबर. सीकेंचा वाढदिवस. त्याच सामन्यात गावसकरांनी त्यांचं एकमेव एकदिवसीय शतक केलं. आम्ही नागपूरकर दुसऱ्यांचे विक्रम बघायला तिकीट काढून रांगेत उभे. आपल्या घरचं लग्न कधी, हा प्रश्न तेवढा शिल्लक होता.

पाया कधी पडला

२००८ मध्ये जामठ्याचं नवं स्टेडियम सुरू झालं. पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध, म्हणजे सौरव गांगुलीची शेवटची कसोटी. बाहेरच्यांना स्टेडियम दिसलं. आतल्यांना महत्त्वाचं होतं ते वेगळंच: वर्षभर वापरता येणाऱ्या खेळपट्ट्या, नेट्स आणि संघटनेने उभी केलेली निवासी अकादमी. विदर्भात अकोला, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर असा पसारा आहे. तालुक्याच्या पोराला नागपुरात येऊन राहायचं कुठे, खायचं काय, इथूनच अडायचं. ती अडचण हटली.

त्याच वर्षी उमेश यादव रणजीत आला. खापरखेड्याजवळच्या वलनी कोळसा खाणीच्या वस्तीतला, खाण कामगाराचा मुलगा. २०११ मध्ये तो कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. ‘कसोटी खेळायची तर गाव सोडायचं’ हा सीकेंच्या काळापासूनचा नियम पहिल्यांदा मोडला.

मग उलटा प्रवास सुरू झाला. कर्नाटकचा गणेश सतीश इकडे आला. मुंबईकडून आठ वेळा रणजी जिंकलेला वसीम जाफर २०१५-१६ मध्ये आला. २०१६-१७ चा हंगाम त्याचा दुखापतीत गेला, तरी विदर्भाने त्याचे पैसे दिले. म्हणून २०१७-१८ चा हंगाम तो मोबदला न घेता खेळला. संस्थानिकांच्या काळातला हिशोब पुन्हा एकदा वाचा आणि हे वाक्य त्याच्या शेजारी ठेवा.

कोच म्हणून आले चंद्रकांत पंडित. मुंबईला २०१५-१६ ची ट्रॉफी जिंकून दिली, पुढच्या वर्षी फायनलला नेलं, आणि तरी मुंबईने त्यांना दूर केलं. पंडित शिस्तीला कडक. कॅप्टन मात्र शंभर टक्के घरचा, नागपूरचा फैझ फझल. भारताकडून एकच एकदिवसीय सामना खेळला, २०१६ मध्ये हरारेला. त्यात नाबाद ५५ केल्या आणि परत कधी बोलावणं आलं नाही. बाहेरच्या जगाने फार विचारलं नाही असा कॅप्टन, आणि बाहेरच्या जगाने फार विचारलं नाही अशी टीम. जोडी जमली.

हंगाम

आधी पॉइंट्सचं गणित, कारण नवीन ऐकणाऱ्यांचा इथेच गोंधळ होतो. त्या हंगामात गटात सामना जिंकला की ६ गुण. डावाने किंवा १० गड्यांनी जिंकलात तर १ जास्तीचा. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि दुसऱ्याला १. म्हणजे फक्त न हरण्यावर भागत नाही, चार दिवसांत समोरच्याचे वीस गडी काढावे लागतात. विदर्भ साठ वर्षं इथेच कमी पडत होता.

या वेळी पहिल्याच सामन्यात पंजाबला त्यांच्या घरी, मोहालीत, डावाने हरवलं. पुढे बंगालला त्यांच्याच कल्याणीत १० गड्यांनी. विदर्भ गटात पहिला आला, एकही सामना न हरता. उपांत्यपूर्व फेरीत सुरतला केरळवर ४१२ धावांनी विजय. विदर्भ पहिल्यांदाच रणजीच्या सेमीफायनलमध्ये होता.

समोर कर्नाटक. मैदान ईडन गार्डन्स. तारीख १७ डिसेंबर २०१७. कर्नाटककडे त्या हंगामात ११६० धावा करणारा मयंक अगरवाल, कसोटीत त्रिशतक ठोकलेला करुण नायर, आणि विनय कुमार, मिथुन असे जुने खोंड. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर गारद. कर्नाटक ३०१, त्यात एकट्या नायरच्या १५३. पिछाडी ११६ ची.

इथे जुना विदर्भ असता तर चौथ्या दिवशी गाडी पकडून घरी. पण गणेश सतीशने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ८१ काढल्या, खालच्यांनी साथ दिली आणि विदर्भ ३१३ पर्यंत पोचला. कर्नाटकला लक्ष्य १९८. चौथ्या दिवसाअखेर कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या सकाळी त्यांना हव्या ८७ धावा, विदर्भाला हवे तीन गडी.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. जिओमुळे नुकताच सगळ्यांच्या फोनमध्ये डेटा आला होता. कॅन्टीनच्या एका टेबलावर पाच-सहा जण एका फोनवर वाकलेले, स्कोअर रिफ्रेश करत. आठवा गडी गेला तेव्हा ओरडा झाला. मग श्रेयस गोपाल आणि मिथुन टिकले. धावा निघत राहिल्या. आणखी थोड्या हव्या, आणखी थोड्या. कुणीतरी म्हणालं, ‘गेलं बे, आपलं असंच रायते.’ हे वाक्य नागपुरात फक्त क्रिकेटबद्दल वापरत नाहीत. प्लेसमेंटबद्दल वापरतात, एखाद्या कंपनीने इथे ऑफिस काढायचं म्हणून काढलं नाही तेव्हा वापरतात.

चेंडू होता रजनीश गुरबानीकडे. हा पोरगा स्वतः सिव्हिल इंजिनिअर. डिग्री हातात, आणि डिग्रीवाली नोकरी बाजूला ठेवून जलद गोलंदाजी. त्याने मिथुनला काढलं. मग शेवटचा गडीही त्यानेच काढला. कर्नाटक सर्वबाद १९२. विदर्भ ५ धावांनी विजयी. गुरबानी सामन्यात १२ बळी: ९४ धावांत ५ आणि ६८ धावांत ७. कॅन्टीनवाल्या काकांनी, ज्यांना क्रिकेटमधलं फार काही कळत नव्हतं, विचारलं, ‘कोण जिंकलं?’ आम्ही म्हणालो, ‘आपण.’ त्यांनी पुन्हा विचारलं, ‘म्हणजे इंडिया?’

इंदूर

फायनल २९ डिसेंबरपासून, दिल्लीशी. सात वेळचा विजेता, कॅप्टन ऋषभ पंत. आणि मैदान कुठलं? इंदूरचं होळकर स्टेडियम.

होळकर! ज्या घराण्याने १९२३ मध्ये नागपूरचा माणूस नेला, त्याच्याच नावाच्या मैदानावर. कुणी हे जुळवून आणलं नव्हतं, बोर्डाने ठिकाण ठरवलं, इतकंच. पण इतिहास वाचणाऱ्याला अशा वेळी हसू येतंच.

दिल्लीचा ध्रुव शोरे १४५ करून उभा होता. दुसऱ्या सकाळी गुरबानीने एका षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दोघांना उडवलं आणि पुढच्या षटकाच्या पहिल्या चेंडूवर शोरेला. तिघेही क्लीन बोल्ड. रणजी फायनलमध्ये हॅटट्रिक घेणारा तो फक्त दुसरा गोलंदाज. पहिला तामिळनाडूचा कल्याणसुंदरम, १९७२-७३ मध्ये. तिघेही क्लीन बोल्ड म्हटल्यावर नागपूरच्या जुन्या लोकांना सिव्हिल लाइन्सचा चेतन शर्मा आठवला नसता तरच नवल. दिल्ली सर्वबाद २९५, गुरबानी ५९ धावांत ६.

मग विदर्भाने फलंदाजी केली ती थांबवेच ना. फझल ६७, जाफर ७८, आदित्य सरवटे ७९, सिद्धेश नेरळ ७४, आणि यष्टिरक्षक अक्षय वाडकर १३३. वाडकरचं हे पहिलंच प्रथम श्रेणी शतक, तेही फायनलमध्ये. एकूण ५४७. दिल्ली दुसऱ्या डावात २८०. विदर्भाला हव्या होत्या फक्त २९ धावा. १ जानेवारी २०१८ ला जाफरने विजयी चौकार मारला. ९ गडी राखून विजय. हंगामात फझलच्या ९१२ धावा, गुरबानीचे सहाच सामन्यांत ३९ बळी.

साठ वर्षांनी ट्रॉफीवर विदर्भाचं नाव.

मग पुढे?

आता खरा प्रश्न. एखादा चांगला हंगाम कुणालाही लागू शकतो. लॉटरी लागावी तसा. तो योगायोग होता की बदल, हे कसं ओळखायचं? माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. कोड एकदा चालला म्हणजे बरोबर आहे असं आम्ही मानत नाही. पुन्हा चालवून बघतो, इनपुट बदलून, माणसं बदलून.

विदर्भाने पुन्हा चालवून दाखवलं. २०१८-१९ ला जामठ्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून दुसऱ्यांदा ट्रॉफी, फायनलमध्ये सरवटेचे ११ बळी. पंडित पुढे मध्य प्रदेशला गेले आणि त्यांनाही २०२१-२२ ची ट्रॉफी जिंकून दिली. जाफर निवृत्त झाला, फझल २०२४ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे त्या हंगामाचे खांब एकेक करून निघून गेले. तरी २०२३-२४ ला विदर्भ फायनलमध्ये, मुंबईकडून हरला. आणि २०२४-२५ ला सेमीफायनलमध्ये त्याच मुंबईला हरवून, फायनलमध्ये केरळवर पहिल्या डावाच्या आघाडीने मात करून तिसरी ट्रॉफी. कॅप्टन अक्षय वाडकर. नागपूरच्या दानिश मालेवारच्या १५३, आणि हंगामात हर्ष दुबेचे ६९ बळी, रणजीच्या एका हंगामातला विक्रम.

या शेवटच्या फायनलमध्ये विदर्भाकडून दुसऱ्या डावात शतक कुणाचं? करुण नायरचं. ईडनवर विदर्भाला १५३ ठोकणारा तोच नायर आता विदर्भाचा होता. आणि केरळकडून ७९ करणारा कोण? आदित्य सरवटे. इंदूरच्या फायनलमध्येही त्याच्या ७९ च होत्या. तिकडचा इकडे, इकडचा तिकडे. फरक एवढाच, की आता विदर्भाचा एखादा खेळाडू गेला तरी टीम मोडत नाही. १९२३ ला सीके गेले तेव्हा नागपूर रिकामं झालं होतं. हजारे गेल्यावर महाराष्ट्राने पुन्हा ट्रॉफी पाहिली नाही. सरवटे गेला तरी २०२५ ला विदर्भ जिंकला.

माझ्या बॅचचे बरेचसे मित्र आज पुण्यात, हिंजवडीत किंवा बंगळुरूत आहेत. चुकीचं काही नाही त्यात; सीकेंनीही तेच केलं, आणि त्यांनी इंदूरला जाऊन जे उभं केलं त्याला तोड नाही. पण ‘इथे काही होत नाही’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतकं ऐकलंय, की ते खरं आहे का हे तपासायचंच राहून जातं. या टीमने ते तपासलं. त्यासाठी चमत्कार लागला नाही. मैदान लागलं, राहायला खोली लागली, शिकवायला कडक मास्तर लागला, बाहेरच्या दोन-चार अनुभवी माणसांना मानाने बोलवावं लागलं, आणि घरचा माणूस कॅप्टन ठेवावा लागला. आणि हो, एक सिव्हिल इंजिनिअर लागला, जो शेवटच्या सकाळी थकला नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी जामठ्यात रणजीचा सामना असेल तेव्हा एकदा जाऊन या. रणजीला गर्दी नसते, बसायला भरपूर जागा असते, आणि खेळाडू काय बोलतायत ते ऐकूही येतं. स्कोअरबोर्डवर ‘विदर्भ’ लिहिलेलं असेल. तेवढं डोळे भरून बघा.

तुमच्या गावात, तुमच्या तालुक्यात अशी एखादी हरणारी टीम आणि तिचा एखादा जिंकलेला हंगाम असेल तर मला नक्की कळवा, त्यावर एक भाग करू. भेटू पुढच्या वेळी. तोवर ऐकत राहा, आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो म्हणतो, ‘आपलं असंच रायते.’